पाइपातलं एरंडेल

सोयरीक ठरवायच्या बैठकीत ज्ञानेश्वररावांनी तोंड मिटून चहा प्यायला असता, तर पुढचं काही घडलंच नसतं. पण उभी नोकरी पाणीपुरवठा खात्यात काढून निवृत्त झालेल्या माणसासमोर कुणी वाहतुकीची अडचण सांगितली, की त्याला गप्प बसवत नाही. अडचण सांगितली ती लोणीच्या भिमाजीअण्णांनी, म्हणजे होणाऱ्या व्याह्यांनी. साखरपुड्याला आमरसाचं जेवण ठरल्यावर ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "रस लई ब्येस. पर मागं एका ठिकानी रस यीस्तोवर आमच्या पोळ्या पार गार झाल्या, राव. वाढनारी मान्सं जिन्यातच अडकली व्हती."

वारूळवाडीच्या ज्ञानेश्वररावांच्या घरालाही जिनाच होता, आणि तोही अरुंद. आंब्यांची अढी गच्चीवरच्या खोलीत, रस काढायचं मशीन गच्चीवर आणि पंगत खाली अंगणात. कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, चार गडी जास्त लावू. ज्ञानेश्वरराव म्हणाले, "अण्णा, आमच्याकडे रस नळाला येईल."

भिमाजीअण्णांचा कप हवेतच थांबला. "नळाला?"

"गच्चीवर टाकी, तिथून पाइप, खाली तोटी. ग्रॅव्हिटी! मोटारसुद्धा लागत नाही."

अण्णांनी हे लोणीत जाऊन पारावर सांगितलं. तिथून ते भावकीत गेलं, भावकीतून सोयऱ्यांत गेलं. आठवडाभरात आरतीबाईंच्या कानावर आलं, की लोणीची अर्धी माणसं साखरपुडा बघायला नाही, रसाची तोटी बघायला येणार आहेत. "अहो, राहू द्या ते नळाचं. पातेल्यानं वाढू," असं त्या नवऱ्याला दोनदा म्हणाल्या. पण ज्ञानेश्वररावांनी शब्द दिला होता. मुलीच्या बापाचा शब्द साखरपुड्याआधीच खोटा ठरला, तर लग्नाचं काय, हा प्रश्न त्यांनी इतक्या गंभीरपणे विचारला, की आरतीबाई स्वयंपाकघरात निघून गेल्या.

खाण्याच्या वस्तूला चालेल असा जाड, पारदर्शक पाइप नारायणगावच्या दुकानांत मिळेना. होते ते हिरवे, बागेला पाणी घालायचे, आणि त्यांना टायरसारखा वास. तेव्हा संपत धावून आला. संपत म्हणजे शेजारी. त्याचा हायवेला लाकडी घाणा. पुण्याकडे जाणारे लोक गाड्या थांबवून त्याच्याकडून शेंगदाण्याचं तेल नेतात. "माझ्याकडं हाय की गुंडाळी, भाऊ. घिऊन जावा," म्हणाला. ज्ञानेश्वररावांनी पाइप आणला, गच्चीवरून भिंतीला क्लॅम्प मारत, खिडकीच्या छज्ज्याला वळसा देत अंगणात उतरवला आणि खाली पितळी तोटी बसवली. ते दोन पावलं मागे सरून बघत राहिले. नोकरीत कितीतरी योजना केल्या, पण उद्घाटनाला स्वतःच्या मुलीचा साखरपुडा असलेली ही पहिलीच.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी संपत बघायला आला. मान वर करून म्हणाला, "एक नंबर काम झालं, भाऊ. पाइप तसा नवाच हाय. एकदाच वापरलाय."

"कशाला?"

"एरंडेलाला."

ज्ञानेश्वररावांना आधी वाटलं, हा थट्टा करतोय. पण थट्टा करताना संपतला हसू आवरत नाही, आणि आत्ता तो पाइपाकडे कौतुकानं बघत होता.

"पर काळजी नगं. समदं निथळून घ्येतलंय. उलटा धरला व्हता, ठिपका पडायचा थांबला तवाच गुंडाळला."

ठिपका पडायचा थांबला म्हणजे पाइप रिकामा झाला, असं जगातल्या बाकी सगळ्यांना वाटतं. पाण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला तसं वाटू शकत नाही. पाणी पाइपातून निघून जातं. एरंडेल जात नाही. ते आतल्या भिंतीला धरून बसतं, वळणावर साठतं, आणि छज्ज्यावर पाइपाला जी झोळी पडली होती तिथं तर खुशाल आडवं झोपलेलं असणार. ज्ञानेश्वररावांच्या डोळ्यांसमोर मंचरच्या पुढचा रस्ता दिसू लागला. लोणीकडे परतणाऱ्या जीपगाड्या एकामागोमाग एक थांबताहेत, पावणे मंडळी उसाच्या शेतांत दिसेनाशी होताहेत, आणि सगळ्यांच्या पुढे, हातात पाण्याची बाटली घेऊन, भिमाजीअण्णांच्या आई अंबाबाई. या म्हातारीचा लोणीत असा दरारा, की तिनं मान हलवल्याशिवाय त्या घरात कुकरसुद्धा चढत नाही. ती सोयरीक मोडून आलेली आहे, एका ठिकाणी नुसतं पाणी कोमट दिलं म्हणून.

आणि समृद्धी? तिनं आणि अण्णांच्या स्वराजनं एकमेकांना पसंत करून, दोन्ही घरांना महिनोन्‌महिने गोडीत घेऊन इथवर गाडी आणली होती. ती आत बसून हातावर मेंदी काढून घेत होती. तिचं लग्न बापाच्या तोटीतून वाहून जाणार, या विचारानं ज्ञानेश्वररावांनी शिडी लावली आणि पाइप उतरवायला घेतला.

पाइप उतरताना दिसला, तशी गल्ली जमा झाली. खरं कारण सांगायची सोय नव्हती, म्हणून "जरा सर्व्हिसिंग" एवढंच सांगितलं. पण संपतच्या पोटात काही राहत नाही. पाइप लिंबाच्या फांदीवर टांगेपर्यंत सगळ्यांना एरंडेल समजलं होतं आणि सगळ्यांकडे उपाय होते. समोरचे रखमाजी म्हणाले, "ताक सोडा. एरंडेलाला ताक तोडतं." दुसरा म्हणाला, बेसन. तिसऱ्यानं उन्हात ठेवायला सांगितलं, म्हणजे तेल पातळ होऊन आपोआप गळेल. ते पटण्यासारखं होतं, म्हणून मे महिन्याच्या उन्हात पाइप तासभर लटकला. त्यातून मोजून तीन थेंब पडले. तिसऱ्या थेंबाला रखमाजी म्हणाले, "झालं, संपलं." ज्ञानेश्वररावांना तो तिसरा थेंब फारच सावकाश पडलेला दिसला. घाई नसलेल्याच्या मागे अजून पुष्कळ मंडळी असतात, हे त्यांना पंगतींच्या अनुभवावरून माहीत होतं.

आता आत नेमकं किती उरलंय, हे समजल्याशिवाय त्यांना घास गिळवेना. रीत सोपी होती. पाइपाच्या टोकाचा हातभर तुकडा कापायचा, तेलासकट वजन करायचं, मग आतून लख्ख पुसून पुन्हा करायचं. जो फरक येईल त्याला पूर्ण लांबीनं गुणायचं. पण असला फरक टोमॅटोच्या क्रेट मोजणाऱ्या काट्यावर दिसणार नाही. त्याला सोनाराचाच काटा हवा.

नारायणगावात सोनाराच्या दुकानात लग्नसराईची गर्दी होती. ज्ञानेश्वरराव आत शिरताच सोनार हसून म्हणाला, "या, या! जावयाची अंगठी ना?" ज्ञानेश्वररावांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला पाइपाचा तुकडा काउंटरवर ठेवला.

"याचं वजन करून द्या."

सोनारानं तुकड्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "यात सोनं हाय का?"

"नाही."

"मंग काय हाय?"

"ते कळण्यासाठीच वजन करायचंय."

"भाऊ, आमच्याकडं फक्त मौल्यवान जिन्नस तोलतात. नियम हाय. ह्ये कशात धरू, दागिन्यात का मोडीत?"

"मोडीत धरा हो! माझ्या मुलीचं लग्न आहे त्यात!"

हे ते जरा मोठ्यानं बोलले. दुकानातल्या बायकांनी बांगड्या ठेवून मागे पाहिलं. सोनारानं घाबरून वजन केलं. मग ज्ञानेश्वररावांनी खिशातला नवा रुमाल काढला, काडीला गुंडाळला, काउंटरवरच तुकडा आतून खसाखसा पुसला आणि पुन्हा तोलायला लावला. फरक आला. त्यांनी तिथंच बोटांवर गुणाकार केला आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. घरी पाइपात चांगलं वाटीभर एरंडेल होतं, झोळीतलं वेगळंच. ते तसेच बाहेर पडले. संध्याकाळपर्यंत बाजारात बातमी झाली, की वारूळवाडीचे इंजिनियर साखरपुड्याच्या टेन्शननं भ्रमिष्ट झाले.

परतताना त्यांनी मनाला समजावलं. वाटीभर एरंडेल, एवढी मोठी पंगत. माणशी पाव चमचासुद्धा नाही. तान्ह्या पोरालाही काही होणार नाही. पण चौकात पोचेपर्यंत त्यांच्यातला पाणीपुरवठा जागा झाला. नव्या पाइपलाइनीतला सगळा गाळ पहिल्या पाण्याबरोबर येतो. तसं हे वाटीभर सगळ्यांत वाटलं जाणार नव्हतं. जे काय सुटेल ते पहिल्या धारेला येणार होतं. आणि पहिली धार कुणाची? आधी देवाचा नैवेद्य, मग पंगतीत मान ज्याचा मोठा त्याची वाटी. म्हणजे अंबाबाई.

घरी येऊन त्यांनी पाइपात कढत पाणी सोडलं. पाणी मधून वाहून गेलं, तेल कडेला बसून बघत राहिलं. साबण घालावा तर आरतीबाई म्हणाल्या, "मग लोकांना फेसाचा रस वाढा." दोरीला चिंधी बांधून ओढून बघितली, तर ती छज्ज्याच्या वळणाइतक्या अंतरावर जाऊन अडकली आणि उलट ओढून काढावी लागली. बाहेर आली ती तेलानं निथळत. म्हणजे अर्धा पाइप पुसला गेला, की अर्ध्यातलं तेल दुसऱ्या अर्ध्यात सरकलं, हे सांगायला कुठलाच काटा नव्हता. "अजून पातेल्यांची सोय होईल," आरतीबाई हळूच म्हणाल्या. तेवढ्यात फोन वाजला. भिमाजीअण्णा विचारत होते, "पावणं, तोटी उजव्या अंगाला हाय का डाव्या? आई म्हनती तिचा पाट तोटीपाशीच मांडा."

ज्ञानेश्वररावांनी मुकाट्यानं पाइप परत चढवला.

दुसऱ्या दिवशी लोणीच्या जीपगाड्या वेळेवर आल्या. मुहूर्त दुपारचा होता, म्हणून जेवणं आधी. पावणे हातपाय धुऊन थेट तोटीभोवती गोल करून उभे राहिले. ज्ञानेश्वररावांची थोरली बहीण साळुबाई नैवेद्याचं ताट घेऊन तोटीखाली वाटी धरून बसली. गच्चीवरून संपतनं हाळी दिली, "सोडला, भाऊ!" पारदर्शक पाइपातून केशरी रस सावकाश उतरू लागला, तसा अंगणात "आरारारा" असा कौतुकाचा सूर उठला. ज्ञानेश्वररावांना मात्र त्या रसाच्या पुढे पुढे काहीतरी चकाकतंय असं वाटत होतं.

पहिली धार सांडून द्यावी, तर साळुबाई समोर. काल तिला विचारून झालं होतं. "शुभ कार्यात अन्न सांडतात व्हय रे, ज्ञाना?" एवढंच तिचं उत्तर. तोटी आता सुरू होणार, तोच ज्ञानेश्वररावांनी तिची वाटी बाजूला सारली, खाली तांब्या लावला आणि भरलेला तांब्या तोंडाला लावून एका दमात रिकामा केला.

"ज्ञाना!" साळुबाई किंचाळली, "द्येवाच्या आधी?"

"प्रेशर बघतोय," ज्ञानेश्वरराव म्हणाले, आणि दुसरा तांब्या भरून तोही प्यायले. ओठांना काहीतरी बुळबुळीत लागलं. तसं जिवाला थोडं बरं वाटलं, की निदान एवढं तरी बाकीच्यांच्या पोटात जाणार नाही. पण सगळं आलं का? की झोळीतलं अजून यायचंय? तिसरा तांब्या पोटात मावण्यासारखा नव्हता. पावण्यांत कुजबुज सुरू झाली होती. "लई भुकेलेले दिसत्यात," कुणीतरी म्हणालं. समृद्धी दारातून बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते.

नैवेद्य झाला, पंगत बसली, पहिली वाटी अंबाबाईंपुढे गेली. म्हातारीनं बोट बुडवून चाखलं आणि काही न बोलता वाटी तोंडाला लावली. ज्ञानेश्वरराव तिच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती तपासत उभे राहिले.

आता आपल्याकडची रीत अशी, की मुलीच्या बापानं स्वतः पंगतीतून फिरायचं, नको नको म्हणणाऱ्याला गळ्याची शपथ घालायची आणि हात आडवा आला तरी बाजूनं रस ओतायचा. पावणा किती जेवला यावर यजमानाची लाज ठरते. त्यात भिमाजीअण्णा रसाचे नावाजलेले खाणारे. त्यांनी मुद्दाम रिकामी वाटी पुढे सरकवून, "बास आता" म्हणत आग्रहाची वाट बघितली. ज्ञानेश्वररावांनी मनात हिशेब केला. अण्णा तोटीच्या अगदी जवळ. पाचवी वाटी झालेली. झोळीतलं सुटायचं तर आत्ताच सुटणार.

"बास म्हणता तर बास," ते म्हणाले.

अण्णांना वाटलं, थट्टा आहे. त्यांनीच वाढप्याला खूण केली. वाढप्या रस घेऊन वाकला आणि ज्ञानेश्वररावांनी झटकन पुढे होऊन अण्णांच्या वाटीवर आपला हात आडवा धरला.

पावण्यानं वाटीवर हात धरलेला सगळ्यांनी पाहिला होता. यजमानानं धरलेला कुणी पाहिला नव्हता. वाढप्या तसाच वाकलेला राहिला. भिमाजीअण्णांनी त्या हाताकडे पाहिलं, मग ताटातच पाणी घेऊन हात धुतले.

"आई, उठा," ते शांतपणे म्हणाले. "रस पुरत न्हाई वाटतं ह्यांना. घरचा धनी आदी दोन तांबे पितो आन् पावन्याच्या वाटीवर हात ठिवतो. अशा घरात आमी पोरगा द्यायचा न्हाई."

लोणीची पंगत जिथल्या तिथं थांबली. स्वराज अर्धवट उठला. दारात समृद्धीनं चौकट धरली होती. तिच्या मेंदीच्या हाताकडे पाहिल्यावर ज्ञानेश्वररावांची सगळी भीती एका बाजूला झाली, कारण ज्याची भीती होती ते समोर घडतच होतं.

"अण्णा, रस हंडे भरून आहे," ते म्हणाले. "पण पाइपातून आधी एरंडेल गेलेलं आहे. मला कालच कळलं. निथळलं, धुतलं, पुसलं, सोनाराकडे जाऊन तोललं. वाटीभर आत राहिलेलं होतं. पहिल्या धारेचं मी प्यायलो. बाकीचं कुणाच्या वाटीत येईल ते मला सांगता येत नाही. तुम्ही वाटेत गाडी थांबवत जावं आणि माझ्या पोरीला नाव ठेवावं, म्हणून मी हात धरला. मला नळाचा शब्द मागं घेता आला नाही, चूक माझी आहे. तिची काही नाही."

तोटीतून तेवढा रस ठिपकत होता. मग तोटीपाशच्या पाटावरून अंबाबाईंचा आवाज आला.

"कंच्या घान्याचं?"

"अं?"

"एरंडेल. कंच्या घान्याचं?"

"संपतच्या. लाकडी."

म्हातारीनं आपली वाटी दोन्ही हातांनी पुढे केली. "मंग वाढ की! किती वर्सं झाली चूरनं खातीया मी, गोळ्या खातीया, एक दिवस सकाळ सुकाची जाईल तर शप्पत. आन् तू हात आडवा धरतुयास!" मग ती लेकाकडे वळली. "बस रं भिमाजी. ह्या मान्सानं तुज्या पोटापायी सोताचं पोट इस्तवात घातलं. आसा याही मिळंल का?"

अण्णा उभेच होते. मग त्यांनी खाली बसून वाटी पुढे केली. "व्हतंय काय एरंडेलानं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "लोणीचं पोट हाय. वाढा, पावणं. पर आग्रह करून वाढा." अण्णांनी घेतल्यावर मागे हटणार कोण? ज्ञानेश्वररावांनी डोळे मिटून, गळ्याच्या शपथा घालत, घाबरत घाबरत सगळ्या पंगतीला आग्रह केला. हंडे रिकामे झाले. मुहूर्त टळला नाही. अंगठ्या घालताना समृद्धी रडली आणि हसली, आणि कुठल्या वेळी काय, हे ज्ञानेश्वररावांना नीट बघता आलं नाही, कारण त्यांच्या पोटात तेव्हाच कुठंतरी लांब गडगडलं होतं.

जीपगाड्या निघाल्या तसे ते घाईघाईनं आत गेले. दिवस कलला तरी बाहेर आले नाहीत. आत बसल्या बसल्या त्यांचा जीव मात्र मंचरच्या रस्त्यावर होता. आपली ही अवस्था, तर त्यांची काय असेल? प्रत्येक कळेला त्यांना एकेक जीप थांबलेली दिसत होती. शेवटी फोन वाजला, आणि समृद्धीची पावलं संडासाच्या दारापर्यंत आली.

"पप्पा, लोणीचा फोन आहे. स्पीकरवर टाकते."

"सगळे बरे आहेत ना?" त्यांनी आतून क्षीण आवाजात विचारलं.

"बरे?" पलीकडून अंबाबाई कडाडल्या. "कुनाला कायबी झालं न्हाई! मलाबी न्हाई! निस्ती वाट बगून राह्यलेय मी. आरं, लई सोच्छ केलास तू पाइप. लग्नाला जरा राहू दे की आत!"

समृद्धीनं फोनवर तळहात धरला. वाटीभर एरंडेलाचा हिशेब अखेर लागला होता, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि तो सबंध एकाच माणसाच्या नावावर निघाला होता.

"पप्पा," समृद्धी हसू दाबत दाराला टेकून म्हणाली, "काय सांगू आजींना?"

तिनं त्यांना आजी म्हटलेलं ज्ञानेश्वररावांनी ऐकलं. कपाळावरचा घाम पुसून ते म्हणाले, "सांग, ठेवतो म्हणावं. आणि बाळा, एक बादली पाणी दे."